"इकडील सर्व खुशाल" : फौजेत गेलेल्या पोराचं पत्र कसं वाचायचं

आमच्या पणजीचा एक पितळी डबा आहे, आधी त्यात कात-सुपारी असायची, नंतर तिनं त्यात पोराची कार्डं ठेवली. पोरगा म्हणजे आमच्या आजोबांचे थोरले भाऊ, त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. १९४२ साली अठराव्या वर्षी ते फौजेत भरती झाले, कोल्हापुरातनं मिरज आणि मिरजेतनं बेळगाव असे रेल्वेनं गेले, आणि ट्रेनिंगला असताना आणि ते संपता संपता त्यांनी घरी जी कार्डं टाकली त्यातली नऊ आज शिल्लक आहेत. मागच्या दिवाळीत पुतणीनं ती सगळी एका बैठकीत वाचली, मोडीतली सोडून, आणि म्हणाली, "काका, ह्यात तर काहीच नाहीये, सगळीकडं तेच तेच लिहिलंय."

तिचं चुकलं नाही. पहिल्यांदा वाचताना मलाही तसंच वाटलं होतं. पण ह्या "काहीच नाही"मध्ये लई काही आहे, फक्त ते वाचायची एक पद्धत आहे, आणि आपल्या कोल्हापूर, सातारा, सांगली भागात अशी कार्डं कितीतरी घरांत पडून असणार, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी काळ समजून घ्या. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि व्हाईसरॉयनं इथल्या कुणाला न विचारता हिंदुस्थानही युद्धात उतरला असं जाहीर केलं. त्यावेळी हिंदी फौज होती साधारण २ लाखांची, १९४५ पर्यंत ती २५ लाखांवर गेली, आणि ही सगळी स्वतःहून भरती झालेली माणसं, सक्तीची भरती इथं नव्हती. स्वतःहून म्हणजे कुणी पोटासाठी, कुणी घरातली रीत म्हणून, कुणी वडिलांशी भांडून. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात तर घराघरातनं माणूस फौजेत जायचा, आजही जातो, गावाच्या नावातच ते आहे. आपल्याकडच्या पोरांचं ठिकाण बहुतेक करून बेळगाव, कारण मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून तिथं आहे. तेव्हा रेजिमेंटचं नाव फिफ्थ मराठा लाईट इन्फंट्री. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची राजाराम रायफल्सही होती, ती नंतर ह्याच रेजिमेंटमध्ये सामील झाली.

आता कार्ड हातात घ्या. पहिलं कार्ड असं सुरू होतं, "तीर्थस्वरूप आबांचे चरणी शि. सा. न. वि. वि. इकडील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवीत जावी." ज्यांनी आयुष्यात पत्र लिहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, शि. सा. न. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. म्हणजे विनंती विशेष. शेवटी "कळावे", त्याखाली लहानांना अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि काही राहिलंच तर ता. क., ताजा कलम. ही चौकट ठरलेली. जुन्या पिढीला ती पाठ होती, त्यामुळं मजकूर कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे त्यांना बरोबर कळायचं. आपण चौकटच वाचत बसतो आणि म्हणतो पत्र रिकामं आहे. तेव्हा पहिलं काम हे, की चौकटीतली वाक्यं पेन्सिलीनं मनातल्या मनात खोडायची आणि उरतं काय ते बघायचं. अण्णांच्या पहिल्या कार्डात चौकट काढल्यावर चार वाक्यं उरतात. त्यातलं एक, "पाय बरे आहेत."

पायांबद्दल कुणी विचारलंच नव्हतं की! घरनं पत्र जायच्या आधीचं हे कार्ड आहे. म्हणजे विचारा, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोरगा का देतोय? जन्मभर अनवाणी, नाहीतर सणावाराला कोल्हापुरी वहाणा घातलेला पाय एकदम जाड फौजी बुटात कोंबला, आणि त्यावर पहाटेपासनं पळणं, परेड, पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची फौजी पिशवी. पहिल्या महिन्यात रंगरुटाचं, म्हणजे नव्यानं भरती झालेल्या पोराचं, पहिलं दुखणं पायाचं असतं, टाचेला फोड येतो, तो फुटतो, त्यावरच दुसऱ्या दिवशी बूट चढवायचा. "पाय बरे आहेत" म्हणजे पाय अजिबात बरे नाहीत, किंवा आत्ताच कुठं बरे व्हायला लागलेत. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही सांगितलं, आमच्या गल्लीतला पोरगा चार वर्षांमागं बेळगावला ट्रेनिंगला गेला, त्यानं पहिल्याच फोनवर आईला हेच सांगितलं, "पाय बरे हाईत गं."

मग प्रश्न येतो की सरळ का नाही लिहिलं. ह्याचं उत्तर समजायला ते कार्ड अण्णांच्या हातातनं निघून पणजीच्या कानापर्यंत कसं पोचलं ते बघायला पाहिजे, आणि मी "कानापर्यंत" मुद्दाम लिहिलंय.

१९४१ च्या जनगणनेत देशात शंभरातल्या साधारण १६ जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. अण्णा त्या सोळांत नव्हते. म्हणजे पहिली कार्डं त्यांनी सांगितली आणि बराकीतल्या दुसऱ्या कुणीतरी लिहिली. ही कार्डं मोडीत आहेत, अक्षर झोकदार, न थांबता ओढलेलं, लिहिणारा वयानं मोठा आणि लिहिण्यात मुरलेला असणार. आता अठरा वर्षांच्या पोरानं आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला, तेही शेजारी बाकीची पोरं बसलेली असताना, "लिहा, रात्री रडू येतं" असं सांगितलं असतं काय? नाही सांगणार. ही झाली पहिली गाळणी.

दुसरी गाळणी म्हणजे कार्डच. पोस्टकार्ड तेव्हा नऊ पैला मिळायचं, म्हणजे पाऊण आणा, बारा पैचा एक आणा आणि सोळा आण्यांचा रुपया असा हिशोब. पाकिटापेक्षा स्वस्त म्हणून कार्ड. पण कार्ड उघडं असतं, ते छावणीतला कारकून वाचणार, पोस्टातला माणूस वाचणार, गावचा पोस्टमन तर वाचणारच कारण घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. आणि तो वाचणार कुठं, तर ओट्यावर, मोठ्यानं. शेजारचे येणार, चार बायका पदर सावरून उभ्या राहणार, आजोबांच्या सांगण्यानुसार आमच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमायची. अण्णांना हे माहीत होतं, भरती व्हायच्या आधी दुसऱ्यांची कार्डं त्यांनी तशीच ऐकली होती. म्हणजे ते पत्र आईला लिहिलेलं नाहीच, ते ओट्याला लिहिलेलं आहे.

त्यात एक वाक्य नवव्या कार्डापर्यंत प्रत्येक कार्डात येतं, "घरची मंडळी कशी आहेत." पुतणीला वाटलं घरातले सगळे. नाही बाळा, मंडळी म्हणजे बायको. अण्णांचं लग्न भरतीच्या आदल्या वर्षी झालं होतं, आणि बायकोला नावानं पत्र लिहायचं, तेही सगळ्यांदेखत वाचलं जाणारं, हे त्या काळात शक्यच नव्हतं. तेव्हा वडिलांना लिहिलेल्या पत्रात हे एवढे चार शब्द तिचे. थोरली आजी माजघराच्या दाराआड उभी राहून त्या चार शब्दांची वाट बघत असणार, पोस्टमननं घाईत ते वाक्य गाळलं तर तिला विचारताही येणार नव्हतं. मला ह्या नऊ कार्डांतलं सगळ्यात जड वाक्य हेच वाटतं.

तिसरी गाळणी सेन्सॉरची. ह्याबद्दल लोकांत गैरसमज फार आहेत म्हणून नीट सांगतो. देशातल्या छावणीतलं प्रत्येक कार्ड कुणीतरी साहेब बसून वाचायचा असं नाही. पण युद्धाच्या कायद्यानं सरकारला टपाल उघडायचा अधिकार होता आणि रंगरुटांना काय लिहायचं नाही हे बजावून सांगितलेलं असायचं. परदेशात आघाडीवर गेल्यावर मात्र तपासणी कडक, युनिटमध्ये किंवा मागच्या तळावर भाषा जाणणारी माणसं बसवलेली असायची आणि नको तो मजकूर खोडला जायचा.

पण एका शेतकऱ्याच्या पोराच्या कार्डात असं काय मोठं गुपित असणार? एकट्या कार्डात काहीच नसतं, तीच तर खरी गोष्ट आहे. समजा एकानं लिहिलं "आम्हाला मच्छरदाण्या वाटल्या." दुसऱ्यानं लिहिलं "पुढच्या महिन्यात रजा बंद." तिसऱ्यानं लिहिलं "आमच्या गावचे सगळे एकाच पलटणीत आलोय." तिन्ही वाक्यं निरुपद्रवी, पण शत्रूच्या माणसानं ती एका टेबलावर मांडली तर त्याला कळतं की अमुक पलटण पुढच्या महिन्यात डासांच्या मुलखात, म्हणजे बर्माकडं निघाली असणार. मच्छरदाणीच्या जागी गरम कपडे घाला, दिशा बदलते. गोधडी शिवताना कसं, एकेक तुकडा हातात घेतला तर चिंधी असते, जोडल्यावर पांघरूण होतं, तसं हे आहे. आजही तेच चालतं, फक्त कार्डाच्या जागी फोन आलाय. २०२० मध्ये लष्करानं आपल्या माणसांना फोनमधली ८९ ॲप काढून टाकायला सांगितली त्यामागं हाच विचार, की एक फोटो, एक लोकेशन, एक स्टेटस ह्यात काही नसतं पण हजारोंचं मिळून चित्र तयार होतं.

सेन्सॉरचं दुसरं काम गुप्ततेचं नव्हतं, मन ओळखायचं होतं. पत्रं वाचून पोरं खूश आहेत की वैतागलीत, जेवणाबद्दल काय म्हणतात, घरच्या महागाईनं हबकलीत का, ह्याचे अहवाल वर जायचे. १९४२ साल आठवा, ऑगस्टमध्ये छोडो भारत सुरू झालं, साताऱ्याकडं पुढं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याच काळात तिथलीच पोरं इंग्रजांच्या फौजेत. सरकारला धास्ती होतीच. घरनं येणाऱ्या पत्रात रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही, धान्य महाग झालं असं यायचं आणि ते वाचून परदेशातला जवान रात्रभर जागा राहायचा. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या वेळी तर सैनिकांना घरच्यांच्या पोटाची काळजी लागली होती हे सेन्सॉरच्याच कागदांत नोंदलेलं आहे.

ह्याच सेन्सॉरमुळं दुसरी एक गोष्ट झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी जवानांची पत्रं बुलोन ह्या बंदरात तपासली जायची, तिथल्या सेन्सॉरनं त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवले आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ कागद गावोगाव गेले आणि बहुतेक संपले, उरलं ते तपासणाऱ्यानं उतरवून घेतलेलं. पोरं हुशार होती, त्यांनी खुणा ठरवल्या होत्या, काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, काळी मिरी संपत आली असं लिहिलं की घरच्यांनी समजायचं की आपली माणसं फार पडलीत. सेन्सॉरलाही ते कळलं, म्हणून तर ते आपल्यापर्यंत आलं. पण त्या संग्रहात पंजाब आणि सरहद्दीकडच्या जवानांची पत्रं जास्त, मराठी आवाज कमी, आणि जो काही आहे तो इंग्रजी होऊन. म्हणून म्हणतो, मराठी रंगरुटाचा मराठीतला शब्द कुठं असेल तर तो आपल्या डब्यांत आणि ट्रंकांत, दुसरीकडं कुठं शोधायला जाऊ नका.

आता वाचायची मुख्य युक्ती. पोरगा स्वतःबद्दल लिहीत नाही, तो घराबद्दल विचारतो, आणि विचारतो त्यातनं तो कसा आहे ते कळतं. अण्णांच्या तिसऱ्या कार्डात विचारलंय, "गुऱ्हाळ लागले का, पहिल्या काहिलीचा गूळ कसा उतरला." चौथ्यात, तांबड्या बैलाचा खांदा बरा झाला का. पाचव्यात, जोतिबाला ह्या वर्षी घरातनं कोण गेलं, आणि खासबागेत कुस्त्या झाल्या का, आपल्या तालमीतलं कोण उतरलं. हे सगळे प्रश्न एका जागी ठेवा. गूळ विचारणाऱ्याला लंगरचं, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातलं, जेवण जात नाहीये, तिथं गव्हाची रोटी मिळते पण ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोराला पोट भरल्यासारखं वाटत नाही. बैलाचा खांदा विचारणाऱ्याचा स्वतःचा खांदा रायफल आणि पिट्टूनं सोललेला आहे. आणि तालमीचं विचारणारा, ज्याला गावात पैलवान म्हणून मान होता, तो आता उस्तादाच्या, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याच्या, शिव्या खात, सगळ्यांच्या देखत रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, खात रांगेत उभा आहे. हा माझा अंदाज आहे हे खरं, पण नऊच्या नऊ कार्डांत प्रश्न असेच जोडीनं येतात, आणि सातव्या कार्डापासनं ते कमी होतात. सातव्यात पहिल्यांदा तो काहीतरी सांगतो, "निशाणबाजीत बरा नंबर आला." म्हणजे इथं पोरगा तिथला झाला.

अजून एक बघा, हे मला सगळ्यात आवडतं. पहिली पाच कार्डं मोडीत, परक्या हातची. सहावं कार्ड बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपीत, वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, ओळी कार्डाच्या कडेला जाऊन खाली वळतात. हे अण्णांचं स्वतःचं. बराकीत कुणाकडनं तरी अक्षरं गिरवून घेतली असणार. आणि खाली सही आहे ती इंग्रजी अक्षरांत! त्यावेळी फौजेत जवानांना रोमन उर्दू शिकवायचे, म्हणजे भाषा हिंदुस्थानी आणि अक्षरं इंग्रजी, त्याच्या परीक्षा असायच्या, बढतीला त्या लागायच्या. आबांना ती सही वाचता आली नाही, आजोबा सांगायचे की आबांनी मास्तरांना विचारलं हे कोण, आणि मास्तर म्हणाले, तुमचाच पोरगा.

मोडीचं सांगायचं तर आमची पाच कार्डं आम्ही कितीतरी वर्षं वाचूच शकलो नव्हतो. साधारण १९५० च्या दशकात मोडी शाळेतनं गेली आणि एका पिढीत घरंच्या घरं आपल्याच आजोबांचं अक्षर वाचायला मुकली. पण कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आहेत, जमिनीच्या जुन्या कागदांसाठी लोक त्यांच्याकडं जातातच, कार्डं पण न्या.

कार्डाची दुसरी बाजू विसरू नका, तिथला शिक्का मजकुराइतकाच बोलतो. अण्णांच्या आठ कार्डांवर बेळगावचा शिक्का आहे, गावाचं नाव, तारीख, सगळं. नवव्यावर गावच नाही. नुसतं एफ.पी.ओ. आणि एक नंबर. एफ.पी.ओ. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, पलटणीबरोबर फिरणारं टपालघर, ठिकाण कळू नये म्हणून शिक्क्यात फक्त आकडा. तिकिटं आणि शिक्के गोळा करणाऱ्यांकडं ह्या नंबरांच्या याद्या असतात, त्यावरनं कुठलं टपालघर कधी कुठं होतं ते काढता येतं. आजही सैनिकाचा पत्ता "द्वारा ५६ एपीओ" किंवा "द्वारा ९९ एपीओ" असतो, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, ते ह्याच पद्धतीचं पुढचं रूप. मजकुरात नवव्या कार्डातही "इकडील सर्व खुशाल"च आहे, पण शिक्क्यातनं गाव गेलं तेव्हाच ट्रेनिंग संपलं आणि पोरगा लढाईच्या वाटेला लागला. मराठ्यांच्या पलटणी तेव्हा इटलीपर्यंत गेल्या, यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथंच पडले आणि नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं ब्रिटिश पदक, मिळाला. ज्यांच्या घरातलं माणूस परत आलं नाही त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर नाव टाकून बघा, रेजिमेंट आणि स्मारकाचं ठिकाण मिळतं, स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हेनं करून बघावं लागतं.

तुमच्याकडं अशी कार्डं असतील तर हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, रबरबँड तर अजिबात नको, तो वितळून कागदाला चिकटतो. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, कारण पुष्कळ पत्रं कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली असतात, पाणी लागलं की जांभळा रंग पसरतो आणि अक्षर गेलं. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोरी वाटली तरी, आणि कार्डाचा कोपरा फाटलेला असेल तर तो चिकटवायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मयताची बातमी असली की कोपरा फाडायची रीत होती, म्हणून तर पोस्टमन दिसला की बायका आधी त्याच्या हातातल्या कार्डाचे कोपरे बघायच्या.

अण्णा १९४६ ला परत आले, शेती केली, म्हातारपणी गेले. त्यांची फौजेतली काळी पत्र्याची ट्रंक आम्ही त्यानंतर उघडली. मला तिथं घरनं गेलेली उत्तरं सापडतील असं वाटत होतं, पण पत्र एकही नव्हतं. तळाला, खाकी कापडात गुंडाळलेला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. मनीऑर्डरच्या पोचपावत्या. मनीऑर्डरच्या फॉर्मचा एक तुकडा पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडं परत जायचा, पैसे पोचले हे कळावं म्हणून. अण्णा दर महिन्याला पैसे आईच्या नावानं पाठवायचे, आबांच्या नाही. पणजीला लिहिता येत नव्हतं, ओट्यावर वीस माणसांत तिनं तरी कुणाकडनं काय लिहून घेतलं असतं. प्रत्येक पावतीवर तिचा डाव्या हाताचा अंगठा आहे, निळ्या-काळ्या शाईत, कधी पुसट, कधी दाबून उठवलेला, आणि पावत्या तारखेनं लावलेल्या आहेत, एकही महिना चुकलेला नाही.